झाडाची जखम भरत नाही, मग झाड जगतं कसं?

या आठवड्याचा भाग ऐकायचा राहून गेला असेल, तर हे त्याचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. प्रवासात असाल तर आरामात वाचा.

आजचा विषय माझ्या एका चुकीतून आलाय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२०१९ च्या जुलैमध्ये आम्ही सोसायटीतल्या सात-आठ जणांनी गेटबाहेर करंजाची पाच रोपं लावली. खड्डे खणले, शेणखत टाकलं, फोटो काढले. रोप वाऱ्यानं वाकू नये म्हणून बांबू रोवला आणि रोप त्याला तारेनं बांधलं. ती बांधणारा मी. सुतळी संपली होती, हाताशी बाइंडिंग वायर होती, तिचे दोन वेढे दिले आणि पिळून घट्ट केली. त्यानंतर तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये चार करंजांना लुसलुशीत हिरवी पालवी फुटली. पाचव्याला फुटली, पण विरळ. जवळ जाऊन बघितलं तर कमरेच्या उंचीवर खोडाला कुणीतरी आवळून धरल्यासारखी खाच होती. खाचेच्या वरचा भाग फुगलेला, खालचा बारीक. तार काही ठिकाणी दिसत होती, काही ठिकाणी साल तिच्यावरून वाढून ती आत गेली होती.

मी पक्कड आणली, जेवढी निघाली तेवढी तार काढली. काढताना सालीचा एक मोठा तुकडा सुटून आला आणि आतलं पांढुरकं लाकूड उघडं पडलं. आमच्या मजल्यावरचे काका तिथूनच चालले होते. म्हणाले, "अरे, उघडं नको ठेवूस, पाणी शिरेल. ऑइलपेंट मार." घरी ग्रिलचा हिरवा पेंट उरला होता. मी मारला. मनाला बरं वाटलं. आणि ही माझी दुसरी चूक.

ती चूक का, हे समजून घ्यायला मी पुढचे काही आठवडे जे वाचलं, विचारलं, ते आज सांगतो.

सालीच्या आत काय असतं?

आपण जिला साल म्हणतो, ते खरं तर दोन थर आहेत. बाहेरची खरखरीत साल मेलेली असते. ती रेनकोटचं काम करते: ऊन, पाऊस, किडे, बुरशी बाहेर ठेवते. तिच्या आत एक मऊ, ओलसर, जिवंत साल असते. पानांनी तयार केलेली साखर या आतल्या सालीतून खाली मुळांकडे जाते.

तिच्याही आत एक अगदी पातळ थर असतो, नुसत्या डोळ्यांना धड दिसणारही नाही असा. त्याचं नाव कँबियम. झाड जाड होतं ते याच्यामुळे. कँबियम बाहेरच्या बाजूला नवी साल बनवतं आणि आतल्या बाजूला नवं लाकूड. मुळांकडून पानांकडे पाणी चढतं ते लाकडातून.

म्हणजे पाणी आतून वर, साखर सालीतून खाली. रस्ते दोन आणि वेगळे. हे एकदा डोक्यात बसलं की माझ्या करंजाचं कोडं सुटतं. तारेनं आतली साल आवळली होती. वरून येणारी साखर तिथे अडत होती, म्हणून तारेच्या वरचा भाग फुगला. खालचा भाग उपाशी, म्हणून बारीक. आणि मुळंही अर्धपोटी, म्हणून पालवी विरळ. सतराव्या शतकात इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगी नावाच्या वैद्यानं झाडांची साल गोल कापून नेमका हाच फुगवटा पाहिला होता.

याच कारणानं, सालीचा पूर्ण गोल पट्टा कँबियमसकट काढला तरी झाड लगेच मरत नाही. पाणी वर चढत राहतं, पानं हिरवी दिसतात. साठवलेल्या अन्नावर मुळं काही काळ तग धरतात, मग संपतात. लोकांना वाटतं झाड अचानक वाळलं. प्रत्यक्षात घाव फार आधीच बसलेला असतो.

उलट उदाहरणही ऐका. बाटलीचं बूच ज्या कॉर्क ओकपासून बनतं, त्या झाडाची साल पोर्तुगालमध्ये सोलून काढतात आणि झाड तरी जगतं. कारण तिथले कारागीर फक्त बाहेरचा बुचाचा थर काढतात, आतल्या जिवंत सालीला धक्का लागू देत नाहीत. मग पुन्हा सोलण्याआधी किमान नऊ वर्षं थांबतात. कुऱ्हाड जरा खोल गेली तर तिथेही जखमच होते.

आपली जखम आणि झाडाची जखम

गुडघा खरचटला तर काही दिवसांनी तिथे नवी कातडी येते. जुन्या पेशींच्या जागी नव्या पेशी बसतात. झाडाला हे जमत नाही. जखम झालेलं लाकूड तिथेच राहतं, कायमचं. झाड त्याची दुरुस्ती करत नाही. ते त्या भागाला कोंडून टाकतं आणि त्याच्या बाहेरून नवीन लाकूड वाढवत राहतं.

माझ्या कामातलं उदाहरण द्यायचं तर, नेटवर्कमधला एखादा संगणक व्हायरसनं बिघडला की आधी त्याला बाकीच्यांपासून तोडतात. तो दुरुस्त होवो न होवो, बाकीचं वाचलं पाहिजे. झाड तेच करतं, फक्त बिघडलेला संगणक ते कधीच बाहेर फेकू शकत नाही.

हे नीट मांडलं ॲलेक्स शायगो या अमेरिकी शास्त्रज्ञानं. तो तिथल्या वनखात्यात होता. त्याच्या आधी लोक झाडाचं खोड आडवं कापून कुज तपासायचे. शायगोनं चेन-सॉनं हजारो झाडं उभी चिरली आणि जखमेपासून कुज वर-खाली, आत-बाहेर किती पसरते ते बघितलं. त्याला दिसलं की कुज वाट्टेल तशी पसरत नाही, तिला हद्दी असतात. १९७७ मध्ये त्यानं यावर सचित्र पुस्तिका काढली. तिच्यात चार भिंतींची कल्पना आहे.

पहिली भिंत कुजीला वर-खाली जाण्यापासून अडवते. पाणी वाहणाऱ्या नळ्या झाड बुजवून टाकतं. ही सगळ्यात कच्ची भिंत, म्हणून कुज बहुतेक वेळा उभी पसरते. दुसरी भिंत कुजीला खोडाच्या गाभ्याकडे जाऊ देत नाही. तिसरी बाजूंना पसरू देत नाही. चौथी भिंत जखम झाल्यानंतर कँबियम नव्यानं बांधतं आणि ती सगळ्यात पक्की. जखमेच्या दिवशी जे लाकूड होतं ते कुजू शकतं, पण त्यानंतर वाढलेलं लाकूड या भिंतीपलीकडे सुरक्षित राहतं.

म्हणूनच आतून पोकळ झालेलं जुनं वड-चिंचेचं झाड वर्षानुवर्षं हिरवंगार असतं. गाभा गेला, बाहेरचं जिवंत कडं शाबूत आहे.

जखमेच्या कडेनं जो गोल, गुबगुबीत ओठासारखा भाग वाढताना दिसतो, ते कँबियमनं बनवलेलं नवं लाकूड आणि नवी साल. दोन्हीकडून ओठ वाढत येतात, एक दिवस मिटतात आणि जखम झाकली जाते. झाकली जाते, पुसली जात नाही. आत ती तशीच असते. जागाही बदलत नाही. झाड शेंड्याकडून उंच होतं, खोड वर सरकत नाही. म्हणून कमरेच्या उंचीवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही कमरेच्याच उंचीवर सापडतो.

मग जखमेवर लावायचं काय?

हा प्रश्न फार जुना आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या राजाच्या बागांचा प्रमुख माळी होता विल्यम फोर्सिथ. त्यानं झाडांच्या जखमांवर एक लेप काढला: गाईचं ताजं शेण, जुन्या बांधकामातला चुना, लाकडाची राख आणि थोडी वाळू. त्या वेळी आरमाराच्या जहाजांना चांगलं ओकचं लाकूड हवं होतं, त्यामुळे किडलेलं झाड बरं करणारा लेप म्हणजे मोठी गोष्ट. त्याला सरकारी तिजोरीतून १,५०० पौंड मिळाले आणि १७९१ मध्ये त्याचं पुस्तकही आलं. थॉमस अँड्र्यू नाइट या फळबागतज्ज्ञानं मात्र या दाव्यांवर जोरदार टीका केली. पण लेपाची कल्पना टिकली. नंतर शेणाच्या जागी डांबर आलं, ऑइलपेंट आला, स्प्रेचे डबे आले.

१९७७ मध्येच शायगो आणि त्याचा सहकारी विल्सन यांनी रेड मेपल आणि अमेरिकन एल्म या झाडांवर केलेल्या पाच वर्षांच्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. काही जखमांवर लेप लावले, काही तशाच सोडल्या. लेपामुळे कुज थांबली असं दिसलं नाही.

थांबणार कशी? भिंती झाड आतून बांधतं, पेंट बाहेर असतो. वर पेंट किंवा डांबर उन्हानं तडकतं, फटीतून पाणी आत जातं आणि आतली ओल बाहेर पडत नाही. बुरशीला तेच हवं असतं. मी ग्रिलचा पेंट मारून झाडाला नाही, स्वतःला बरं वाटून घेतलं होतं. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारतात, तेही जखमेचं औषध नव्हे. रात्री गाडीच्या दिव्यात खोड दिसावं, हा त्यांचा खरा उपयोग.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा, कारण वरुडच्या एका श्रोत्यानं व्हॉइस नोट पाठवून विचारलंय: "आम्ही संत्र्याला बोर्डो पेस्ट लावतो, ती पण बंद करायची का?" नाही दादा, ती बंद करू नका. संत्रा-मोसंबीला डिंक्या रोग होतो, खोडातून डिंक गळतो, साल कुजते. तो फायटोफ्थोरा नावाच्या रोगकारकामुळे होतो आणि तो ओल्या मातीतून खोडावर येतो. बोर्डो पेस्टमधलं तांबं त्याला मारतं. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे कालवून मग एकत्र करायचे, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला जमिनीपासून साधारण मीटरभर लावतात. पण लक्षात घ्या, हे विशिष्ट रोगावरचं विशिष्ट औषध आहे. जखम भरून काढणारं मलम ते नाही.

साल निघाली तर करायचं काय?

आधी बघा, खोडाचा किती घेर उघडा पडलाय. बागकामातला ठोकताळा असा: पाव घेरापेक्षा कमी असेल तर झाड सहसा सावरतं. अर्ध्याहून जास्त गेला तर प्रकरण गंभीर. पूर्ण गोल गेला तर झाड आपणहून वाचणं कठीण. मौल्यवान फळझाड असेल तर जाणकार लोक त्याच झाडाच्या कोवळ्या काड्या जखमेच्या वर आणि खाली सालीत बसवून पूल बांधतात. त्याला ब्रिज ग्राफ्टिंग म्हणतात. हे यूट्यूब बघून पहिल्याच फटक्यात जमेल असं काम नाही, रोपवाटिकेतल्या कलम करणाऱ्या माणसाला बोलवा.

घाव आत्ताच बसला असेल, म्हणजे टेम्पो घासून तासाभरात तुम्ही पोचलात, सालीचा तुकडा ओला आहे आणि लोंबतोय, तर तो फेकू नका. होता तसाच जागेवर बसवा, सुती पट्टीनं बांधा, ओल टिकवा. तुकडाच नसेल तर ताज्या जखमेवर लगेच काळं प्लास्टिक गुंडाळल्यानं उघड्या पृष्ठभागावरच नवी साल धरते, असं काही प्रयोगांत दिसलंय. दोन्हींमध्ये वेळ महत्त्वाची. एकदा पृष्ठभाग सुकला की उपयोग नाही. आणि काही दिवसांनी पट्टी काढायला विसरू नका. विसरलं की काय होतं ते मी तुम्हाला सांगितलंच आहे.

जखम जुनी असेल तर धारदार चाकू स्पिरिटनं पुसा आणि फक्त सुटी, मेलेली साल काढा. खोडाला घट्ट चिकटलेल्या सालीला हात लावू नका, जखम उगाच मोठी करू नका. मग ती उघडी सोडा. हवा लागू दे.

आत रुतलेली तार किंवा खिळा? सहज निघाला तर काढा. झाडानं गिळला असेल तर कोरून काढू नका, कोरण्यानं नवी जखम होते. तार असेल तर दिसतेय तिथे दोन-तीन ठिकाणी तोडा, म्हणजे तिचा फास सुटतो.

फांदी कापायची वेळ आली तर ती खोडाला सपाट लावून कापू नका. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो. झाडाच्या भिंती तिथेच तयार होतात. तो वाचवून, त्याच्या जरा बाहेर कापायचं. फांदी जड असेल तर आधी थोडं लांब, खालून अर्धवट काप घ्या, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून वजन उतरवा, शेवटी फुगवट्याजवळ नीट कापा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल हातभर ओढून नेते. शक्यतो भर पावसात कापू नका, बुरशीचे दिवस असतात ते.

आणि खरी शुश्रूषा जखमेपाशी नसतेच, ती मुळांपाशी असते. भिंती बांधायला झाडाला ताकद लागते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा खोलवर पाणी द्या. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, पण खोडाला चिकटवून ढीग करू नका. युरियाचा मारा नको.

जखमा करतं कोण?

आपणच, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूनं. हिरवळ कापणाऱ्या मशीनची दोरी दर महिन्याला रोपाच्या बुंध्याला लागते आणि कोवळी साल गोल निघते. ट्री गार्ड काढायचा राहतो. दिवाळीत लायटिंगच्या माळा खिळ्यांनी ठोकतात. क्लासच्या जाहिराती, टू-लेटच्या पाट्या. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवतात.

पुण्यात २०१८ मध्ये 'आंघोळीची गोळी' या गटानं खिळेमुक्त झाडांची मोहीम सुरू केली. साधी पक्कड घेऊन रविवारी सकाळी खिळे काढायचे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आणि महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रांसाठीचा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. त्यात झाड 'पाडणं' याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणजे रस्त्यावरच्या झाडाला खिळा ठोकणं ही किरकोळ गोष्ट नाही. मोठी छाटणी करायची तर आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या.

माझ्या करंजाचं काय झालं?

पेंट मी खरवडला नाही, त्यात उरलीसुरली साल निघाली असती. तो आपोआप पोपडे होऊन गळतोय. आत रुतलेली तार तीन ठिकाणी तोडली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला आणि पाचही झाडांभोवती हातभर अंतरापर्यंत मशीन न्यायचं नाही असं ठरलं. तिथलं गवत वॉचमन मामा विळ्यानं काढतात. काकांना मी शायगोची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "बघू, पुढच्या वर्षी कोण बरोबर ते." त्यांचंही खरं आहे, झाडाचा निकाल लवकर लागत नाही.

पावसाळ्यानंतर जखमेच्या उजव्या कडेला बोटभर जाड ओठ आलाय. डावीकडे अजून काही हालचाल नाही. घेराचा साधारण तिसरा हिस्सा उघडा आहे. झाड वाचेल असं वाटतंय, पण तिथे खोड कायम जरा कमकुवत राहील. दहा वर्षांनी वादळात ते मोडलं तर बहुधा तिथेच मोडेल. २०१९ मध्ये मी सुतळी आणायला दुकानापर्यंत गेलो असतो तर हा प्रश्नच आला नसता.

आता तुमचं काम. आज घरी जाताना तुमच्या रस्त्यावरच्या एका झाडापाशी थांबा. मोबाईलचा टॉर्च लावून खोड खालपासून डोक्याच्या उंचीपर्यंत बघा. तार, दोरी, खिळा, केबल टाय, काही आवळतंय का? कोवळ्या झाडाला असेल तर आधी ते सोडवा. जखम असेल तर फोटो काढा आणि पुढच्या महिन्यात त्याच तारखेला, त्याच कोनातून पुन्हा काढा. ओठ वाढताना दिसतो. मी दर महिन्याच्या पाच तारखेला काढतो.

तुमचे फोटो आणि प्रश्न नेहमीच्या नंबरवर पाठवा. निवडक प्रश्न पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत, काळजी घ्या, आणि रोप बांधायचं असेल तर सुतळीनं, सैल बांधा.